पिवळं झालं की बरं

पहाटे 5.40
नागपूरच्या नंदनवनात नळ आले. गल्लीत टिल्लू पंपांची घरघर सुरू. एका अपार्टमेंटच्या फाटकाशी हा मोटरसायकल लावतो. मागच्या सीटवर बर्फाचा डबा दोरीने आवळलेला. खासगी प्रयोगशाळेसाठी पाण्याचे नमुने घेणं हे याचं काम. पगार 15 हजार, पेट्रोलचे रोज दीडशे. बर्फाचे 20 रुपये मात्र स्वतःच्या खिशातून. चारदा सांगून झालं.

5.55
नळ तीन मिनिटं सोडून ठेवतो. बंद करतो, चिमट्यातला स्पिरिटचा बोळा पेटवून तोटी शेकतो, पुन्हा सोडतो. जंतू तपासायची बाटली काचेची, वाफेवर निर्जंतुक केलेली. तळाशी हायपोचे कण. ते क्लोरीन मारतात, नाहीतर वाटेतच जंतू मरायचे आणि रिपोर्ट खोटाच चांगला यायचा.
मग छोट्या नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन दाखवणाऱ्या रसायनाचे, थेंब टाकतो. पाणी पिवळसर होतं.
"काहो भाऊ, पिवळं येऊन राहिलं का पाणी?" दारातून एक काकू.
"पिवळं झालं तरच बरं, काकू. क्लोरीन हाय म्हणते."
लिटरला निदान 0.2 मिलिग्राम हवं. रंगाच्या पट्टीशी नळी लावून तो आकडा वहीत टिपतो.

6.20
आता धातूंची बाटली, ही प्लास्टिकची. भरून झाल्यावर वरून नायट्रिक अ‍ॅसिडचे थेंब. अ‍ॅसिड नसेल तर शिसं बाटलीलाच चिकटून बसतं, पाण्यात सापडतच नाही. हातमोजा अंगठ्यापाशी फाटलाय. अंगठ्याचं टोक कायमचं पिवळं.
भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्राम. आर्सेनिकचीही तेवढीच. मी हिशेब करून पाहिला: दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये शिसं सगळं मिळून 0.1 ग्राम. तांदळाचे चार-पाच दाणे. त्याला ना रंग, ना वास. ओटीच्या नळीला त्याचा पत्ताही लागत नाही.

7.15
तर्री-पोहे, दोन प्लेट. पैसे मी देतो, खर्रा त्याचा तो घेतो.
नंदनवनच्या टाकीत येतं ते कन्हान नदीचं पाणी. जुलै 2022 मध्ये खसाळ्याला कोराडी वीजकेंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखेचा गाळ नदीत गेला. "तवा तर डोळ्यालेच दिसे," तो म्हणतो. "दिसते त्याचं भेव नाही वाटत."

8.10
एका वाड्यातली बोरिंग. पाणी थंडगार, काचेसारखं. चव गोडसर. घरमालक तांब्या भरून पुढे करतो. हा हात जोडतो, "आताच चहा झाला, काका."
बोरिंगपासून गडर लाइन किती दूर, हे तो पावलांनी मोजतो. नऊ पावलं. गडर झिरपली की नायट्रेट वाढतं. मर्यादा 45 मिलिग्राम, त्यावर सवलत नाही. उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं घट्ट होतं. बाटलीचं तान्हं बाळ असेल तर अंग निळं पडायची भीती. घरात बाळ आहे का, एवढं तो विचारून घेतो. नाही म्हणतात.

9.40
सर येऊन गेली. पावसाळी नालीचं तोंड नाग नदीत उघडतं तिथं आम्ही उतरतो. उतार निसरडा. गॅरेजांपुढचा रस्ता धुऊन आलेलं पाणी, वर तेलाचा इंद्रधनुषी तवंग. तेलासाठी रुंद तोंडाची काचेची बाटली. ती आधी विसळायची नाही, तेल काचेलाच राहतं. एकदाच बुडवायची. पहिल्यांदा पन्नीच आत आली. दुसरी बाटली घ्यावी लागली.
कारखान्याच्या पाइपातून नदीत तेल सोडायचं तर लिटरला 10 मिलिग्रामची मर्यादा आहे. रस्त्यावरून आलेल्या पावसाला पाइपच नाही, नोटीस कोणाच्या नावानं काढणार? नाग पुढे कन्हानलाच मिळते, आपल्या पाणी उचलायच्या जागेच्या खाली. तिथून वैनगंगा, मग गोसीखुर्द. खालच्यांचं पाणी ते.

11.20
प्रयोगशाळा. जंतूंची बाटली सहा तासांच्या आत पोचली. डब्यातला बर्फ पाणी झालाय, पण गार आहे. सही, वेळ, नंबर. फाटक्या हातमोज्याची तक्रार पुन्हा एकदा. "बघू."

संध्याकाळी 6.30
फोन वाजतो. सकाळच्या काकू. फाटकावरच्या वहीतून नंबर घेतलेला.
"प्यायचं ना पाणी?"
"क्लोरीन बरोबर हाय, काकू."
"अन् बाकीचं?"
"बाकीचं पुढच्या आठवड्यात."