गाणे मित्राला देताना : स्वामित्वहक्काचा कायदा काय सांगतो?

द्राक्षबागेतील छाटणी असो की लासलगावच्या बाजारात लागलेली कांद्याच्या वाहनांची रांग असो, निफाड तालुक्यात कामाला गाण्याची सोबत असतेच. पूर्वी ही सोबत आकाशवाणी करीत असे; पुढे ध्वनिफिती आल्या आणि आज हातोहाती भ्रमणध्वनी आहे. एकाने महाजालावरून गाणे उतरवून घ्यावे आणि दहा मित्रांना पाठवावे, हे नित्याचे झाले आहे. यात पैशाची देवघेव नसते, म्हणून काही गैरही नाही, असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर नाही.

एक गाणे, अनेक हक्कदार

गाण्याचे शब्द कवीचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण निर्मात्याचे असते. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ हा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याने या तिन्ही गोष्टींना स्वतंत्र संरक्षण दिले आहे. शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे. ही मुदत पुढील वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात.

ज्यांचे बालपण याच तालुक्यातील पिंपळगाव बसवंत येथे गेले, त्या कुसुमाग्रजांचे निधन १० मार्च १९९९ रोजी झाले. त्यांच्या शब्दांवरील हक्क २०५९ अखेरपर्यंत राहील. तुकोबांचे अभंग मात्र सर्वांचे आहेत. ते कोणीही गावेत, छापावेत. परंतु त्याच अभंगांना श्रीनिवास खळे यांनी दिलेल्या चालींवरील हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. खळे यांचे निधन २०११ साली झाले. म्हणजे शब्द मुक्त असले तरी त्यांचे ध्वनिमुद्रण मुक्त असतेच असे नाही.

काय चालते, काय चालत नाही?

स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेला उचित उपयोग कायद्याला मान्य आहे. विकत घेतलेली तबकडी स्वतःच्या भ्रमणध्वनीवर उतरवून ऐकणे हे त्याचे उदाहरण म्हणता येईल. तीच तबकडी मित्राला ऐकावयास देणे, चार जणांनी एकत्र बसून गाणे ऐकणे किंवा अधिकृत संकेतस्थळाचा दुवा पाठविणे यांतही अडचण नाही. मात्र मित्रासाठी नवी प्रत काढली की तो स्वतःचा वापर राहत नाही. प्रत काढण्याचा व ती लोकांपर्यंत पोहोचविण्याचा अधिकार हक्कदाराचा आहे. गटावर शेकडो जणांना गाणी पाठविणे किंवा दुकानात पैसे घेऊन मेमरी कार्ड भरून देणे हे तर उघड उल्लंघन होय. लग्नाच्या वरातीत व लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजविण्यास कायद्यानेच सूट दिली आहे. केंद्र शासनाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचनेद्वारे ही बाब पुन्हा स्पष्ट केली.

जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास ६ महिने ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसेल, तर पुरेशी व विशेष कारणे नमूद करून न्यायालय ती कमी करू शकते. तथापि, नफा घेतला नाही एवढ्यावरून अपराध नाहीसा होत नाही.

कलावंताचा वाटा

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील समान वाटा राखून ठेवला. ध्वनिमुद्रणाचे हक्क निर्मात्याला दिले तरी हा वाटा बुडत नाही. अधिकृत मार्गाने गाणे ऐकले गेले, तरच तो त्यांच्यापर्यंत पोहोचतो. चोरट्या प्रतीचा हिशेब कोठेच होत नाही. त्याची झळ नामवंतांपेक्षा, स्वखर्चाने एखादी लावणी किंवा भक्तिगीत ध्वनिमुद्रित करणाऱ्या खेड्यातील कलावंताला अधिक बसते. बागेतील घड मालकाला विचारल्याशिवाय कोणी तोडत नाही. गाण्यामागेही कोणाचे तरी कष्ट आहेत, हे ध्यानी घेऊन मित्राला गाण्याची प्रत देण्याऐवजी ते कोठे ऐकावयास मिळते, हे सांगावे. त्याने मैत्रीही राहील आणि कलावंताचा वाटाही.