रेल्वेचा पास आणि परदेशी पाहुणा

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला 'पास' या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. महिन्याच्या आरंभी पैसे भरावेत, कागद खिशात घालावा आणि मग महिनाभर वाटेल तितक्या वेळा गाडीत चढावे, हा त्याचा नित्याचा परिपाठ होय. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाला सुमारे १५ एकेरी फेऱ्यांइतकेच पैसे पडतात, आणि कामावर जाणारा माणूस महिन्यात ५० फेऱ्या सहज करतो. पास फायद्याचा की तोट्याचा, हा प्रश्न त्याच्या मनात कधी येतच नाही. मात्र एक गोष्ट तो अनुभवाने शिकलेला असतो. पास हा गाडीत चढण्याचा हक्क देतो. बसण्याचा हक्क देत नाही.

या साध्या अनुभवात एका मोठ्या विषयाचे मर्म साठवलेले आहे. परक्या देशात फिरावयास आलेल्या प्रवाशाला तेथील रेल्वे कधीकधी अमर्याद प्रवासाचा पास देऊ करते. तो घ्यावा की न घ्यावा, घेतल्यास कसा वापरावा, हा प्रश्न आज बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत दोन्ही बाजूंनी उभा राहतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक सरकारच्या 'केओनिक्स' या महामंडळाने होसूर रस्त्यालगत कोनप्पन अग्रहार व दोड्डतोगूर या खेड्यांच्या जमिनीवर ही वसाहत उभारली. तिची कल्पना आर. के. बाळिगा यांची. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली आणि पुढे बेंगळुरूस गेलेली इन्फोसिस ही कंपनी येथेच आपला विस्तीर्ण आवार बांधून राहिली. आता या वसाहतीत जर्मनीहून, जपानहून पाहुणे कामानिमित्त येतात. आणि येथील मराठी अभियंते तितक्याच सहजतेने म्युनिकला व ओसाकाला जातात. पाहुण्याला सुट्टीत हंपी पाहावयाची असते, अभियंत्याला क्योटो.

परदेशी प्रवाशांसाठी खास पास काढण्याची पद्धत फार जुनी नाही. १९५९ साली युरोपातील १३ देशांच्या रेल्वेंनी मिळून 'युरेल' पास सुरू केला. तो युरोपाबाहेरच्या लोकांसाठी होता. युरोपातील तरुणांसाठी 'इंटररेल' हा पास १९७२ साली आला. जपानने १९८१ साली आपला पास काढला. यामागील हिशेब सरळ आहे. गाडी रिकामी धावली तरी इंजिन, चालक आणि रूळ यांचा खर्च चुकत नाही. रिकाम्या आसनावर एखादा परदेशी बसला, तर त्याने दिलेला पैसा बहुतांशी नफाच होय. परंतु हीच सवलत देशातील रोजच्या उतारूला दिली, तर तो पूर्ण भाडे देणे बंद करील. म्हणून पासाभोवती कुंपण घालावे लागते, आणि ते कुंपण म्हणजे पारपत्र. जपानचा पास विकत घेणाऱ्या परदेशी माणसाच्या पारपत्रावर 'तात्पुरता अभ्यागत' असा शिक्का असावा लागतो. विमानतळावरील स्वयंचलित फाटकातून बाहेर पडल्यास हा शिक्का उमटत नाही. तो अधिकाऱ्याकडे मागून घ्यावा लागतो. नोकरीचा व्हिसा घेऊन गेलेल्या अभियंत्याला तर हा पास मिळतच नाही. इलेक्ट्रॉनिक सिटीतून थोड्या दिवसांच्या बैठकीसाठी जाणारा आणि वर्षभराच्या कामासाठी जाणारा, यांत रेल्वेच्या खिडकीवर असा भेद पडतो.

भारतीय रेल्वेनेही असा पास काढला होता. त्याचे नाव 'इंडरेल पास'. परदेशी नागरिक आणि परदेशस्थ भारतीय यांना तो परकीय चलनात मिळे. त्याची मुदत अर्ध्या दिवसापासून ९० दिवसांपर्यंत असे. पासधारकाला आरक्षणाचा आकार नसे, अतिजलद गाडीचा अधिभार नसे. राजधानी व शताब्दी गाड्यांतील जेवणही त्यातच आले. अखेरच्या वर्षांतील दरपत्रकात वातानुकूलित दुसऱ्या वर्गाचा सात दिवसांचा पास १३५ डॉलरला, तर ९० दिवसांचा ५३० डॉलरला होता. म्हणजे मुदत वाढवली की दिवसाचा दर सुमारे १९ डॉलरवरून ६ डॉलरच्या आसपास उतरे.

हा दर स्वस्त होता काय? त्या काळी १३५ डॉलर म्हणजे सुमारे ९,००० रुपये. त्याच वर्गाचे मुंबई-दिल्ली तिकीट दोन ते तीन हजार रुपयांत येई. तेव्हा पासाचे पैसे वसूल करावयाचे, तर सात दिवसांपैकी निदान चार रात्री लांबच्या गाडीत काढावयास हव्यात. असा प्रवासी देश पाहणार कधी? भारतात भाडे मुळातच कमी असल्याने पासाची बचत कागदावरच राही. पासाचे खरे मोल वेगळेच होते. परदेशी प्रवाशांसाठी काही गाड्यांत थोड्या शायिका राखून ठेवलेल्या असतात. पास आणि हा राखीव कोटा एकत्र आले, म्हणजे पासाला अर्थ येई. कोट्यात जागा नसेल, तर तिकीट असूनही शायिका नाही, अशी अवस्था होई. कारण येथील गाड्या युरोपप्रमाणे रिकाम्या धावत नाहीत. ज्या तत्त्वावर पासाचा जन्म झाला, तो रिकाम्या आसनाचा आधारच भारतात लागू पडत नव्हता. प्रतीक्षायादीत हजारो नागरिक ताटकळत असताना प्रत्येक राखीव शायिका कोणाच्या तरी वाट्यातून येते, हेही विसरून चालणार नाही.

२०१७ साली इंडरेल पास बंद झाला. त्याच सुमारास परदेशी पर्यटकांना कोट्यातील जागा ३६५ दिवस आधी घरबसल्या राखून ठेवण्याची सोय झाली. सामान्य उतारूसाठी ही मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आली. परदेशी पर्यटकाची ३६५ दिवसांची मुदत तशीच ठेवण्यात आली. थोडक्यात, प्रवासाचा हक्क गेला आणि त्याऐवजी जागेचा हक्क पक्का झाला. अनेक जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत इंडरेल पासाची शिफारस अजूनही छापलेली सापडते. ती वाचून खिडकीवर जाणाऱ्याचा केवळ हिरमोड होतो.

जपानची कथा याच्या उलट आहे. तेथे गाडीत जागा सहसा मिळते. प्रश्न येतो तो पैशांचा. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांचा होता. तोक्यो ते क्योटो व परत, एवढ्याच प्रवासाला सुमारे २८,००० येन पडत. त्यात एखादी लहान सफर जोडली की पास फिटे. म्हणून पर्यटक डोळे मिटून पास घेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये किंमत एकदम ५०,००० येनांवर गेली. आता तोक्योहून हिरोशिमास जाऊन परत आले, तरी सुटी तिकिटे सुमारे ३८,००० येनांतच येतात. ज्याला आठवड्यात देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास जावयाचे आहे, त्यालाच पास परवडतो. शिवाय हा पास जपान रेल्वेच्या गाड्यांपुरता आहे. शहरातील भुयारी रेल्वे आणि खासगी कंपन्यांच्या गाड्या यांना तो चालत नाही. युरोपातही अशीच मेख आहे. युरेल पास आज ३३ देशांत चालतो. पण फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत आणि बहुतेक रात्रगाड्यांत आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

या सर्वांतून निघणारा विवेक फार अवघड नाही. पास घेण्यापूर्वी प्रवाशाने कागद-पेन्सिल घेऊन आपले मुक्काम लिहावेत आणि सुट्या तिकिटांची बेरीज करावी. ती पासाच्या किमतीहून कमी भरली, तर पासाचा मोह सोडावा. मग पासात आरक्षण धरलेले आहे की नाही ते पाहावे. शेवटी पास किती दिवस चालतो, यापेक्षा आपण त्यांतले किती दिवस खरोखर गाडीत बसणार, हे मोजावे. 'पैसे वसूल व्हावेत' म्हणून केलेला प्रवास हा प्रवास नसून पासाची चाकरी होय.

मग इलेक्ट्रॉनिक सिटीत आलेल्या पाहुण्याने आज काय करावे? त्याच्या दारात आता रेल्वे आली आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी बेंगळुरू मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय विद्यालय रस्त्यापासून बोम्मसंद्रापर्यंतच्या सुमारे १९ किलोमीटरांच्या या मार्गावर १६ स्थानके आहेत, आणि इलेक्ट्रॉनिक सिटी हे त्यांतील एक. शहराच्या मेट्रोसाठी एक, तीन व पाच दिवसांचे अमर्याद प्रवासाचे पास मिळतात. त्यांना पारपत्र लागत नाही, आरक्षण लागत नाही. होसूर रस्त्यावरील वाहनांच्या कोंडीत ज्याने तास घालवले आहेत, त्याला या पासाचे मोल सांगावयास नको. लांबच्या प्रवासासाठी मात्र पासाचा शोध न घेता कोट्यातील जागा वेळीच राखावी. एकाच स्थानकापासून निघून तेथेच परत यावयाचे असल्यास भारतीय रेल्वे वर्तुळाकार प्रवासाचे तिकीटही देते. त्यात वाटेत आठ ठिकाणी थांबता येते. आणि अंतर वाढेल तसा मैलामागचा दर उतरत असल्याने सुट्या तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडते. हे तिकीट देशी-परदेशी असा भेद करीत नाही. म्हैसूर, हुबळी, हंपीजवळचे होस्पेट, बेळगाव अशी स्थळे त्यात गुंफता येतात. पिवळ्या मार्गाचे उद्घाटन झाले त्याच दिवशी बेंगळुरू-बेळगाव वंदे भारत गाडीही सुरू झाली, आणि मराठी घरांचे ते गाव राजधानीला आणखी जवळ आले.

इंडरेल पास आता नाही, याची रुखरुख वाटणे स्वाभाविक आहे. एक कागद खिशात घालून नव्वद दिवस या विशाल देशात कोठेही उतरावे, कोठेही चढावे, ही कल्पनाच मोहक होती. पण मुंबईचा चाकरमानी जे रोज अनुभवतो, तेच अखेर खरे ठरले. गाडीत चढणे आणि गाडीत बसावयास मिळणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या प्रवाशाने हा भेद घरून निघण्यापूर्वीच ओळखला, त्याचा प्रवास, पास असो वा नसो, सुखाचा होतो.