सॉफ्टवेअर अडलं तर विचारायचं कुणाला? 'विकी'ची सोपी ओळख

अलिबाग म्हणजे रायगड जिल्ह्याचं मुख्यालय. मुरूड, रोहा, श्रीवर्धनकडची माणसं सरकारी कामासाठी इथे येतात. आता अर्ज ऑनलाइन, शाळेचा हिशेब कॉम्प्युटरवर, जमातीच्या वर्गणीची नोंदही एक्सेलमध्ये. पण हे सगळं नीट येणारा बऱ्याच ठिकाणी एकच मुलगा असतो. तो नोकरीसाठी मुंबईला किंवा आखातात गेला की काम अडतं. मग व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा होते. उत्तर मिळतंही, पण आठ दिवसांत ते इतर मेसेजखाली गाडलं जातं. पुढचा माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतो.

या अडचणीवर सॉफ्टवेअरवाल्यांकडे एक जुना उपाय आहे, तो म्हणजे विकी. विकी ही अशी वेबसाइट, जिचं पान वाचणारा माणूसच 'संपादन' दाबून दुरुस्त करू शकतो. अमेरिकेतले प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी २५ मार्च १९९५ रोजी सुरू केला. प्रोग्रॅमरांनी आपले अनुभव एकत्र लिहावेत, हाच त्याचा हेतू होता. 'विकी' हा हवाई बेटांच्या भाषेतला शब्द, अर्थ 'झटपट'. विकिपीडिया त्यानंतर, २००१ साली आला.

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तो ज्या मीडियाविकी सॉफ्टवेअरवर चालतो, त्याची माहितीपुस्तिकाही विकीवरच लिहिली जाते. त्याची बटणं मराठीत आणली ती ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी. मराठी विकिपीडियावर नवख्यांना सरावासाठी 'धूळपाटी' आहे आणि विचारपूस करायला 'चावडी'. लिबरऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअरही असंच. नव्या आवृत्तीत काय बदललं, ते त्यांच्या विकीवर वाचायला मिळतं.

कुणी चुकीचं लिहिलं तर? प्रत्येक पानाचा 'इतिहास' जपला जातो. कोणत्या खात्यावरून, कधी, काय बदललं ते दिसतं आणि जुनं पान परत आणता येतं. मतभेद असेल तर शेजारच्या 'चर्चा' पानावर बोलायचं. अर्थात, लक्ष ठेवणारी दोन-चार माणसं हवीतच. नाहीतर पान जुनं होतं आणि लोकांची दिशाभूल होते.

मीडियाविकी मोफत आहे. शाळा, पतपेढी किंवा संस्था आपला छोटा विकी करू शकते. सुरुवातीला एवढं पाळावं :

• एका पानावर एकच काम. उदा. 'पावती कशी छापायची'.
• पायऱ्या क्रमाने लिहा. स्क्रीनवर जो शब्द दिसतो तोच वापरा.
• सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तारीख टाका.
• आधार क्रमांक, पासवर्ड, ओटीपी, कुणाचा मोबाइल नंबर कधीच लिहू नका. स्क्रीनचा फोटो टाकतानाही हे तपासा.
• ग्रुपवर उत्तर मिळालं की ते विकीवर उतरवा आणि ग्रुपवर फक्त त्या पानाची लिंक द्या.

लिहायला तज्ज्ञच लागतो असं नाही. उलट, जो काल अडला आणि आज सुटला, त्याला नेमकं कुठे अडतं ते चांगलं आठवतं. घरातल्या मुला-मुलींनी अम्मी-अब्बांना एखादं काम शिकवलं, तर त्याच पायऱ्या मराठीत लिहून ठेवाव्यात. मुलगा आखातात गेला, तरी त्याने लिहिलेलं पान इथेच राहतं. आणि तिथे बसूनही तो ते दुरुस्त करू शकतो.