दीडशे वर्षांचा मासा व चुकलेली आणेवारी

उभे पीक बांधावरूनच पाहून आणेवारी ठरविली म्हणजे तिच्या चुकीची फेड रयतेस करावी लागते, हे महसुली चाकरीत आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. खोल समुद्रातही अशीच एक आणेवारी चुकली. तिची हकीकत शेतकरी बंधूंपुढे ठेवीत आहो.

न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांच्या भोवतालच्या समुद्रात, बहुधा ५०० ते १५०० मीटर खोलीवर, ऑरेंज रफी नावाचा विटकरी रंगाचा मासा राहतो. तेथे अंधार व गारठा कायमचा. म्हणून त्याची वाढ अत्यंत मंद होते. तो वयात येण्यासच सुमारे ३० वर्षे लागतात, व पुढे तो शंभर-दीडशे वर्षेही जगतो. आपल्या तळ्यातील रोहू दोन-तीन वर्षांत वयात येतो, व त्याची मादी दर किलो वजनामागे दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. या माशाची मादी सुमारे २२,००० च घालते, आणि तीही दरवर्षी घालतेच असे नाही.

विणीच्या दिवसांत हे मासे समुद्रतळावरील डोंगरांपाशी दाट थव्यांनी जमतात. न्यूझीलंडच्या चॅथम राइज भागात १९७९ च्या सुमारास त्यांची मोठी धरपकड सुरू झाली. जाळ्याच्या एकेका ओढीस कित्येक टन मासळी येई. त्यामुळे साठा अमाप वाटला. परंतु तो थवा म्हणजे एका सालचे पीक नव्हे, तर अनेक पिढ्यांची साठवण होती. माशाच्या कानातील हाडावर झाडाच्या खोडाप्रमाणे वर्षावर्षाची वळी उमटतात. त्या हाडातील किरणोत्सर्गी द्रव्ये मोजून १९९१ साली वयाची शंभरी खरी ठरली. पण तोवर व्याज समजून पुष्कळ मुद्दलच खर्ची पडले होते. जड जाळ्यांखाली तेथील जुनी पोवळीही मोडली.

पुढे उपाय झाले. न्यूझीलंडने चॅलेंजर पठारावरील ही मासेमारी २००० साली बंद केली व २०१० साली मर्यादित प्रमाणात पुन्हा खुली केली. ऑस्ट्रेलियाने २००६ साली हा मासा संरक्षणाच्या यादीत घातला. तथापि आज अंड्यातून निघालेले पिल्लू विण्याजोगे होण्यास तीस वर्षे जावी लागतात. सबब, कापणीचा आकडा ठरविण्यापूर्वी पिकाचे वय विचारावे, हेच आमचे सांगणे.