रानबियांचं पंचांग

पिकलेल्या तेरड्याच्या बोंडाला नुसतं बोट लावा. टच्च! साल गुंडाळली जाते आणि बिया भुर्रकन उडतात. त्याच्या शास्त्रीय नावातलं 'इम्पेशन्स' म्हणजे उतावीळ! कोकणात गौर म्हणून मुळांसकट घरी येतो तो हाच. बोंडं फुटायच्या आधी त्यांवर मलमलीची पुरचुंडी बांधा, बी कोरडं ठेवा आणि मृगाच्या सरींवर पेरा. त्याच पावसाळ्यात फुलं! रानफुलांचा श्रीगणेशा तेरड्यानेच करावा.

कारवीला मात्र सात वर्षं. पहिलीतल्या पोराने बी पेरलं, तर फुलं बघताना ते आठवीत असेल. ती आयुष्यात एकदाच फुलते आणि वाळते. वाळकी बोंडं तशीच राहतात आणि पुढच्या पावसाचं पाणी लागलं की तडतड फुटतात. तेरड्याला स्पर्श पुरतो, कारवीला पाऊसच हवा.

सापकांद्याची तर कमालच! त्याच्या जातकुळीत बियांपासून वाढलेलं रोप आधी नरफुलं देतं. कंद चांगला पोसला की मादीफुलं येतात. फळं पोसायला शिदोरी लागते ना! वाईट वर्ष गेलं, कंद रोडावला, की पुन्हा नर.

सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात चक्क आपली बोरिवली आहे. बी कमी उगवतं, म्हणून शेतकरी मुळ्याच लावतात. कळलावीचं बी लाल, देखणं आणि विषारी. तिचं सारं अंगच विषारी. पोरं आणि गुरं असतील तिथे लावूच नका.

सगळ्यांत अवघड आमरी, म्हणजे ऑर्किड. तिच्या एका बोंडात हजारोंनी बिया, पण धुळीसारख्या. कोंबाला पुरेल असं अन्नच त्यांत नसतं. ते पुरवते एक बुरशी. हे गुपित फ्रान्सच्या नोएल बर्नार्ड यांनी 1899 मध्ये उलगडलं. पुढे 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी साखर देऊन बाटलीत आमरी रुजवून दाखवली. कुंडीतल्या मातीत हे जमत नाही.

बी राखीव जंगलातून आणू नका, कासच्या पठारावरून तर मुळीच नाही. ओळखीच्यांच्या परसातून, विचारून, मूठभर घ्या. आणि तुमच्याच आंब्याच्या फांदीवर आमरी असेल, तर तिचं बोंड तिथेच फुटू द्या. तिला हवी ती बुरशी बहुधा त्याच सालीत आहे.