ध्वनीची लहर आणि प्रकाशाची लहर

महोत्सवाच्या अंकात संस्थेचे अहवाल, देणगीदारांची नावे व शुभसंदेश यावयासच हवेत. त्यांच्या सोबतीस एखादे पान विज्ञानाचेही असावे, असे आम्हांस वाटले. प्रश्न अगदी साधा आहे. भिंतीआड बसलेल्या माणसाचे बोलणे आपणांस ऐकू येते, परंतु तो माणूस दिसत नाही, असे का? या प्रश्नाच्या उत्तरात ध्वनी व प्रकाश यांचे बरेचसे शास्त्र सामावलेले आहे, आणि आपल्या मुलांच्या शिक्षणाशी त्याचा फार निकटचा संबंध आहे.

प्रथम लहर म्हणजे काय ते पाहू. तळ्यात खडा टाकला असता लहरी काठापर्यंत येतात. परंतु पाण्यावर तरंगणारे पान जागच्या जागीच वर-खाली होत राहते. पुढे सरकते ती हालचाल, पाणी नव्हे. तबल्यावर थाप पडली की पुडी कापते, तिच्या लगतची हवा दाबली जाते व सैल होते, आणि ही दाटी व विरळपणा एका थरातून दुसऱ्या थरात जात आपल्या कानाच्या पडद्यापर्यंत पोहोचतो. हाच ध्वनी. 20 अंश उष्णतेच्या हवेत तो सेकंदास सुमारे 343 मीटर जातो. माळव्यातील पावसाळ्यात वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावे व तीनाने भागावे. वीज किती किलोमीटरवर पडली ते मुलांना घरबसल्या काढता येते.

ध्वनीस हवा, पाणी, लोखंड असे काही तरी माध्यम लागते. प्रकाशास ते लागत नाही. म्हणूनच सूर्यावरील कोणताही आवाज आपणांपर्यंत येत नाही. त्याचा प्रकाश मात्र सुमारे 15 कोटी किलोमीटरांची पोकळी ओलांडून 8 मिनिटे 20 सेकंदांत आपल्या अंगणात येतो. डोळ्यांतून किरण निघून वस्तूवर पडतात, ही समजूत पूर्वी विद्वानांतही होती. प्रकाश वस्तूकडून डोळ्यांत येतो, हे सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बसरा येथील हसन इब्न अल-हैथम यांनी ‘किताबुल मनाझिर’ या ग्रंथात सप्रमाण मांडले. प्रकाश ही लहर आहे, हे इंग्लंडातील थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रयोगाने दाखविले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दोन्ही लहरीच, पण त्यांच्या लांबीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर सेकंदास सुमारे 120 कंपनांचा धरला, तर त्याची एक लहर जवळजवळ तीन मीटर लांब होते. उलट, हिरव्या प्रकाशाच्या सुमारे दोन हजार लहरी एका मिलिमीटरात मावतात. नियम असा की, अडथळा लहरीच्या लांबीएवढा किंवा त्याहून लहान असेल, तर लहर त्यास सहज वळसा घालते; फार मोठा असेल, तर त्याच्या मागे छाया पडते. भिंतीच्या कडेवरून व दारातून आवाज वळून येतो. प्रकाशास मात्र तीच भिंत पर्वताहून मोठी आहे.

यात शिक्षकाने ध्यानी धरावे असे एक मर्म आहे. स, श यांसारख्या व्यंजनांत 5,000 कंपनांच्या आसपासचा ध्वनी पुष्कळ असतो. त्याची लहर केवळ सात सेंटिमीटरांची. तिला माणसाचे डोकेसुद्धा आड येते. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की मागच्या बाकावर स्वर पोहोचतो, व्यंजने पोहोचत नाहीत. ‘साप’, ‘चाप’ व ‘ताप’ हे तिन्ही शब्द त्या मुलास ‘आप’ असे ऐकू येतात, आणि ते मूल मंद ठरते!

दुसरी अडचण परावर्तनाची. विजापूरच्या गोल घुमटाचा आतील व्यास सुमारे 38 मीटर आहे. टाळी वाजविली तर ध्वनीस समोरच्या भिंतीवर जाऊन परत येण्यास 76 मीटर, म्हणजे सुमारे 0.22 सेकंद लागतात. दोन आवाज वेगळे ऐकू येण्यास कानास सेकंदाचा सुमारे दहावा भाग पुरतो. म्हणून तेथे प्रतिध्वनी स्पष्ट व पुनःपुन्हा ऐकू येतो. लहान सभागृहात परत येणारा ध्वनी मूळ शब्दावरच चढतो व सारे भाषण घुमत राहते. रिकामे सभागृह घुमते, भरलेले तितके घुमत नाही. कारण माणसांचे कपडे ध्वनी शोषून घेतात. दरी, जाड पडदे व सतरंज्या हेच काम करतात.

गोल घुमटातील कुजबुज भिंतीच्या वळणाने कशी फिरते, याचा अभ्यास चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केला होता. त्याच रामन यांनी पुढे 28 फेब्रुवारी 1928 रोजी प्रकाशाच्या विकिरणाचा आपला शोध जाहीर केला, व 1930 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ध्वनीच्या अभ्यासकास प्रकाश परका नसतो, तो असा.

लहरीहून फार बारीक वस्तू त्या लहरीने दिसत नाही. म्हणून अणूंची रचना पाहण्यास साधा प्रकाश पुरत नाही. मिलिमीटरच्या कोटीव्या भागाइतकी लहर लागते. अशी लहर निर्माण करणारे यंत्र आमच्या हातोदपासून फार दूर नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 1999 साली ‘इंडस-1’ व 2005 साली ‘इंडस-2’ ही यंत्रे प्रकाश देऊ लागली. इंडस-2 च्या 172.5 मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. चुंबक त्यांना वळवितात, आणि वळताना ते क्ष-किरणांपर्यंतचा प्रकाश फेकतात.

त्या केंद्रात काम करणारी मुलगी उद्या आपल्यातूनही निघू शकेल. परंतु त्यासाठी आज तिला वर्गात नीट ऐकू आले पाहिजे व फळा दिसला पाहिजे. म्हणून सभासद बंधुभगिनींस आमची विनंती एवढीच: सभागृहास पडदे व दऱ्या द्याव्या, शिक्षकांनी मुलांकडे तोंड करून बोलावे, आणि कोणत्याही मुलास मंद म्हणण्यापूर्वी त्याचे कान व डोळे एकदा तपासून घ्यावे.