ट्रॉलीचा जॅक गळतो? आधी टेकू, मग पाना



शेणखत, मुरूम, तलावातला गाळ वाहायचे दिवस आले की वर उचलणाऱ्या ट्रॉलीला दम घ्यायला फुरसत नसते. नेमक्या याच दिवसांत जॅकच्या मानेतून तेल पाझरू लागते. पहिल्यांदा आपण चिंधी बांधतो, मग खाली डबा लावतो, आणि मग रोज सकाळी ट्रॅक्टरमध्ये तेलाची भर घालत बसतो. "चालतंय तोवर चालवू" म्हणता म्हणता एक दिवस भरलेला हौद अर्ध्यावर उचलून अडतो. तेव्हा गळका जॅक कसा ओळखावा, घरी काय करावे आणि कोणते काम वर्कशॉपवाल्यावर सोपवावे, हे या पत्रकात पाहू.

थेंबाचा हिशेब

सेकंदाला एक थेंब ही गळती डोळ्यांना किरकोळ दिसते. पण २० थेंबांचे साधारण १ मिलिलिटर होते. म्हणजे तासाला १८० मिलिलिटर आणि आठ तासांच्या कामात जवळजवळ दीड लिटर तेल मातीत गेले. ज्या सीलमुळे हे तेल जाते ते रबराचे कडे मात्र त्या तेलापेक्षा पुष्कळ स्वस्त असते.

दुसरे असे की, आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांत जॅकचे तेल आणि मागच्या गिअरपेटीचे तेल एकच असते. जॅक गळाला की गिअरपेटीतले तेल उतरते. म्हणजे दुखणे ट्रॉलीचे असले तरी त्याची झळ ट्रॅक्टरला लागते.

जॅक काम कसे करतो?

बंद जागेतल्या तेलावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो. हा नियम फ्रान्सच्या पास्कल या शास्त्रज्ञाने १७ व्या शतकात मांडला. ट्रॅक्टरचा पंप नळीतून जॅकच्या नळकांड्यात तेल ढकलतो आणि आतला दांडा वर येतो. दांड्याचा व्यास ८ सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर होते. दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब असेल तर एकूण जोर ७,५०० किलो झाला. एवढा जोर आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये बोटाएवढ्या जाडीचे एक रबरी सील असते. उतरताना पंपाचे काम नसते. हौद आपल्याच वजनाने तेल मागे ढकलत खाली येतो. म्हणूनच तेलाला वाट मिळाली की हौद खाली येणारच, मग ती वाट दांड्याने मिळो की सैल झालेल्या नळीने.

सर्वांत आधी टेकू

मागे एका वस्तीवर गेलो होतो. मालक उचललेल्या हौदाखाली डोके घालून नळीचा सांधा सैल करत होते. हौद कशाने धरला आहे, असे विचारले तर म्हणाले, "दांडा वर करून ठेवलाय की साहेब." मी त्यांना बाहेर बोलावले. दोघांनी मिळून दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू लावले. मग त्यांनी बाहेर उभे राहूनच सांध्याला पाना लावला. दोन आटे सुटले न सुटले तोच हौद धाडकन टेकूवर बसला. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. बाजूला त्यांचा धाकटा मुलगा हातात चिंधी घेऊन उभा होता.

म्हणून हा क्रम कधीही मोडू नका:

१. ट्रॉली सपाट, कठीण जमिनीवर, ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवा. हौद रिकामा करा. चाकांना पुढून-मागून दगड लावा. वर विजेच्या तारा नाहीत ना, ते पाहा.

२. रिकामा हौद उचला. चासीवर दोन्ही बाजूंना मजबूत लोखंडी टेकू लावा. विटा, दगड किंवा दुसरा जॅक टेकू म्हणून चालत नाही. टेकू लावताना अंग हौदाखाली नेऊ नका; बाजूने, लांब दांडीने लावा. चासीलाच बिजागरीवर बसवलेला टेकू लोहाराकडून करून घेतला तर उत्तम.

३. हौद हळूहळू उतरवून टेकूवर टेकवा. नुसता टेकू उभा करून भागत नाही, सगळा भार टेकूवर आला पाहिजे.

४. इंजिन बंद करा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. लिव्हर उतरवण्याच्या बाजूला ठेवा, म्हणजे नळीतला दाब निघून जाईल.

गळती कोठून आहे?

जॅक, नळी आणि सांधे डिझेलच्या चिंधीने पुसून कोरडे करा. मग सर्वांना लांब उभे करून एकाने रिकामा हौद दोन-तीनदा वर-खाली करावा. पुन्हा टेकू लावून पाहणी करावी.

- नळीच्या सांध्यावर ओल: सांधा आवळा किंवा त्यातली रिंग बदला. नळीची आतली तार दिसत असेल तर नळीच बदला.
- दांडा जेथून बाहेर येतो त्या मानेवर ओघळ: मानेचे सील झिजले आहे. दांड्यावर तेलाचा पातळसा हात फिरवल्यासारखा थर असणे हा दोष नव्हे. थेंब जमून ओघळला की दोष समजावा.
- वरच्या बारीक श्वास-छिद्रातून तेल: असे छिद्र असलेल्या जॅकमध्ये आतल्या पिस्टनचे सील गेले आहे.
- नळकांड्याला किंवा जोडाला चीर: शेतावर वेल्डिंग करू नका. आत तेल असताना ठिणगी लागली तर भडका उडतो, आणि दाबाखाली असला जोड पुन्हा फाटतो. जॅक वर्कशॉपला न्या.
- बाहेर एक थेंब नाही, पण उचललेला हौद आपोआप बसतो: बहुधा तेल ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमधून मागे जात आहे. जॅक खोलून उपयोग नाही. ट्रॅक्टरच्या मेस्त्रीला दाखवा.

एक गोष्ट जिवाची आहे. दाबाखालच्या नळीवरून गळती शोधायला कधीही हात फिरवू नका. सुईच्या छिद्रातून सुटलेले तेल कातडी भेदून आत जाते. वरून काटा रुतल्याएवढीच खूण दिसते, दुखतही नाही. पण आत मांस सडू लागते आणि बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. शोधायचेच तर पुठ्ठ्याचा लांब तुकडा पुढे धरावा. तरीही कोणाला तेल टोचलेच, तर हळद लावून, शेकून वाट पाहू नका. त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्या आणि "दाबाचे तेल आत शिरले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

सील बदलण्याची रीत

एकाच दांड्याचा साधा जॅक असेल आणि हाताला पान्याची सवय असेल तरच हे काम घरी करा. दुर्बिणीसारखा टप्प्याटप्प्याने उघडणारा जॅक वर्कशॉपलाच द्या.

१. जॅक जड असतो. वरची पिन काढण्यापूर्वी त्याला दोर बांधून आधार द्या. दोन माणसे असावीत.

२. नळी सोडून तिच्या आणि जॅकच्या तोंडाला स्वच्छ बूच लावा. जॅक बाहेरून धुऊन मगच घरात, ताडपत्रीवर खोला. उघड्या वावरात खोललेल्या जॅकमध्ये धूळ जाते आणि नवे सील महिन्यात खाते.

३. तेल भांड्यात काढा. दुधाळ दिसले तर त्यात पाणी गेले आहे. मग ट्रॅक्टरचे सगळे तेल बदलायला हवे. नळकांड्यात हवेचा दाब भरून दांडा उडवून काढू नका. तो गोळीसारखा सुटतो.

४. मानेचा नट खोलून दांडा सरळ ओढा. जुनी सीले काढण्यापूर्वी कोणते कोठे आणि कोणत्या तोंडाने बसले होते, ते कागदावर काढून ठेवा. सीले काढताना खाचेला ओरखडा पाडू नका.

५. दांड्यावरून नख फिरवा. नख अडकले, गंजाचे खड्डे दिसले किंवा दांडा वाकलेला असला तर नुसते सील बदलून पैसे वाया जातील. आधी दांडा वर्कशॉपमध्ये सरळ आणि क्रोम करून घ्या किंवा बदला.

६. दुकानात जुनी सीले बरोबर न्या. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची या तिन्ही मापांनी नवी घ्या. एकच गेले असले तरी सगळा संच बदला.

७. नवे सील स्वच्छ तेलात भिजवून हाताने बसवा. दाबाच्या सीलचा ओठ तेलाच्या बाजूला, म्हणजे आत. धूळ पुसणाऱ्या सीलचा ओठ बाहेर. हे उलटे झाले तर जॅक पहिल्या दिवसापासून गळेल. धारदार पेचकस लावू नका, आट्यांवरून सील ओढू नका.

८. खाचा पुसायला सूत सुटणारी चिंधी नको. दांडा सरळ आत घाला, नट नीट आवळा, जॅक बसवून पिनांना स्प्लिट पिना घाला.

पुन्हा चालू करताना

तेल ट्रॅक्टरच्या पुस्तकात सांगितले असेल तेच घाला. ब्रेकचे तेल घातले तर रबर फुगते. इंजिनचे जळके तेल घातले तर त्यातला कचरा पंप खातो. रिकामा हौद सावकाश सहा-सात वेळा वर-खाली करा, म्हणजे अडकलेली हवा निघेल. तेलाची पातळी हौद पूर्ण खाली असताना बघावी. हौद वर असताना भर घातली, तर खाली येताच तेल वर येऊन सांडते. सगळे ठीक दिसले की प्रथम अर्ध्या भाराने काम करा आणि संध्याकाळी मानेवर पुन्हा नजर टाका.

पथ्य

मुक्कामाला हौद खालीच ठेवा. दांडा आत राहिला की गंजत नाही. खत वाहिल्यावर ट्रॉली धुवा, खताचा क्षार क्रोम खातो. उताराच्या किंवा भुसभुशीत जागी भरलेला हौद उचलू नका, दांडा वाकतो. एकच ट्रॉली गावातल्या चार ट्रॅक्टरांना जोडत असाल, तर एकाच्या तेलातला कचरा दुसऱ्याच्या पोटात जातो. म्हणून नळीचे टोक दर वेळी पुसा आणि त्याला टोपण ठेवा.

आणि शेवटचे. सील दुकानात मिळते, तेल पंपावर मिळते, माणूस कोठेच मिळत नाही. एवढे लक्षात ठेवून आधी टेकू, मग पाना, हा नियम घरातल्या पोरांना आणि गड्यांनाही सांगून ठेवा.